डीपीवरचा भार आणि व्हॉल्व्हचा ॲम्प

गिटार वाजवणाऱ्या पोरांमध्ये एक समज पक्का आहे: अमेरिकन रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन ॲम्पला मुद्दाम कमी व्होल्टेज द्यायचा, म्हणजे आपल्या गावच्या पडलेल्या व्होल्टेजवर व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा ॲम्प आणखी गोड वाजणार. पहिला भाग खरा आहे. अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या लाइनला व्हेरिॲक (व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून तो साधारण ९० व्होल्ट घ्यायचा. इकडे रब्बीत एकाच डीपीवर, म्हणजे गावच्या वीज ट्रान्सफॉर्मरवर, गाव आणि शेतीपंप असले की २३० चे १८० होतात. प्रमाण जवळपास तेच. तरी निष्कर्ष चुकतो. तो का चुकतो हे कळलं, की व्हॉल्व्ह घ्यावा की डिजिटल मॉडेलिंग (व्हॉल्व्हच्या आवाजाची प्रोसेसरने केलेली नक्कल) हा प्रश्नही बराच सुटतो.

व्हॉल्व्हच्या गोडव्याचं श्रेय काचेतल्या लाल उजेडाला दिलं जातं. त्यात मोठा वाटा पॉवर सप्लायचा असतो. ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हची जोडी असलेला ५० वॅटचा ॲम्प घ्या. तार हलकी छेडली तर जोडी ७०-८० मिलिअँपिअर करंट ओढते. जोरात पिक मारला की तोच २०० च्या वर जातो. हा करंट एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून येतो, आणि रेक्टिफायरही व्हॉल्व्हचा असेल तर त्याचा स्वतःचा रोध आडवा येतो. पूर्ण भाराला ५यू४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हमध्ये ४०-५० व्होल्ट खर्ची पडतात, जीझेड३४ मध्ये २० च्या आत, सिलिकॉन डायोडमध्ये जेमतेम एक-दोन. पहिला क्षण फिल्टर कपॅसिटर साठवलेल्या चार्जवर निभावतो, म्हणून पिकचा टोला खणखणीत येतो. मग सप्लायच्या ४५० व्होल्टचे ४०० होतात आणि आवाज दबतो. स्वर विरू लागला की करंट उतरतो, कपॅसिटर पुन्हा भरतो आणि तोच स्वर मागून फुलतो. याला सॅग म्हणतात. 'व्हॉल्व्हमध्ये जीव असतो' असं म्हणत जुन्या साठ्यातले व्हॉल्व्ह चढ्या भावाने विकले जातात. जीव वगैरे काही नाही, रोध आणि कपॅसिटर आहेत.

सॅग बोटांमागे चालतो. डीपीचं व्होल्टेज पंपांमागे चालतं. शिवाय व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरची वाइंडिंगही बहुधा ॲम्पच्या त्याच पॉवर ट्रान्सफॉर्मरवर असते. १८० व्होल्टला ६.३ चे ४.९ उरतात, १० टक्के सूट धरली तरी ५.७ च्या खाली जायला नको. इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड पुरेसा तापत नाही, ते कमी सुटतात, आवाज मंद आणि बसका होतो. ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे ५० वॅटचे ३० उरतात. हीटर व्हॅन हेलनचाही थंड पडत असणार, पण त्याचं व्होल्टेज त्याने ठरवलेलं होतं. इथे ते नाटकाच्या पहिल्या अंकात १८० आणि तिसऱ्यात २४० असू शकतं.

डिजिटल ॲम्पमध्ये हाच सॅग गणिताने येतो. सेकंदाला ४८,००० वेळा प्रोसेसर हिशोब करतो: एवढा करंट गेला, कपॅसिटर एवढा उतरला, आता व्हॉल्व्हच्या प्लेटला एवढे व्होल्ट. या हिशोबात लाइनला शिरकाव नाही. अट एकच, सप्लायवर '१००-२४० व्होल्ट' छापलेलं हवं. ट्रान्सफॉर्मरचा जड ९ व्होल्टचा ॲडॉप्टर असेल तर तोही लाइनबरोबर पडतो. तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंत उशीर होतो तो दोन ते पाच मिलिसेकंदांचा. स्पीकरपासून मीटर-दीड मीटर दूर उभं राहिलं तरी एवढा होतोच.

वडसा-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टी नाटकाला किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्राला, जनरेटरवर आणि रोज नव्या गावी वाजवायचं असेल तर डिजिटलच घ्यावा. घरी एका जागी वाजवायचं असेल तर व्हॉल्व्ह जरूर घ्या. त्याला ५०० व्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर लावा, तो व्होल्टेज सलग सरकवत स्थिर ठेवतो. रिलेचा स्टॅबिलायझर व्होल्टेज पायऱ्यांनी बदलतो आणि प्रत्येक पायरीची टकटक स्पीकरमधून येते. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट राहू शकतात, मागचं झाकण उघडू नका.

घुंघुं येते म्हणून प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला मंडपात सर्रास मिळतो. ॲम्पमध्ये फेज चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) लागला तर तो तारांवरच्या बोटांतून माइकला टेकलेल्या ओठांपर्यंत जातो. पिन राहू द्या. ॲम्प, मिक्सर आणि कीबोर्ड एकाच बोर्डवर घ्या, घुंघुं बहुतेक वेळा तिथेच थांबते. त्याआधी मीटरने फेज आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज बघा. ते फेज-न्यूट्रलच्या जवळपास नसेल तर त्या बोर्डाचं अर्थिंग नीट नाही.