दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण

सौर फिल्टरची, म्हणजे सूर्य पाहताना दुर्बिणीला लावायच्या झाकणाची, गोष्ट विजयदुर्गापासून सुरू करतो. विजयदुर्ग किल्ल्यात दगडी चौथरे आहेत. गावात त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. दरवर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो आणि लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने १८६८ साली याच कट्ट्यांवरून हेलियम शोधला, असं पुष्कळांच्या तोंडी आहे. कट्ट्यांचा मान खरा, पण साल घसरलं आहे. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणाची पट्टी दक्षिण कोकणावरून गेली होती, लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडात होते. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जानसेन आंध्रातल्या गुंटूरला होते. सूर्यकडेच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशाच्या पट्ट्यात, इतका ठळक दिसला, की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्यांच्या ध्यानात आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते करून पाहिलं. लॉकियरना तेच २० ऑक्टोबरला इंग्लंडातून साधलं. त्या वर्णपटातली पिवळी रेषा पुढे हेलियम या वायूची ठरली. विजयदुर्गाला लॉकियर खरोखर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती, आणि उपकरणांवर त्यांच्या हाताखाली ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी होते.

सौर फिल्टरबद्दल लिहिताना हे आधी सांगितलं, कारण खग्रासात चंद्र स्वतःच झाकण होतो. ती दोन मिनिटं दुर्बीण उघडी चालते. उरलेल्या सगळ्या वेळी आपल्याला दुसरं झाकण शोधावं लागतं, आणि ते दुर्बिणीच्या कोणत्या टोकाला बसवायचं हे नीट कळायला माणसाला फार काळ लागला.

कोकणातल्या घरांनी यातली सगळ्यात सुरक्षित रीत केव्हापासूनच जपली आहे. कौलांच्या फटीतून सारवलेल्या जमिनीवर पडणारा गोल कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमाच असते. ग्रहणात त्या प्रत्येक कवडशाची कोर होते. नारळीच्या झावळांखालीही हेच दिसतं. १६१२ च्या सुमारास गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने दुर्बिणीतून कागदावर सूर्य पाडून डाग रेखायची रीत सुचवली, तीही याच जातीची. डोळा सूर्याकडे नाही, पाठ सूर्याकडे.

काजळी धरलेली काच आणि पाण्याची परात मात्र मला कधीच पटली नाही. काजळी कुठे दाट बसते, कुठे विरळ, आणि पाण्यातलं प्रतिबिंबसुद्धा डोळ्याला झेपण्याइतकं मंद नसतं. एक्स-रेच्या फिल्मचंही तेच. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून इजा झाली तरी त्या क्षणी कळत नाही.

रंगीत काचेचा इतिहास जुना आहे. जर्मन निरीक्षक श्यायनर १६११ साली अशाच काचांमधून सूर्यडाग पाहत होता. १८०० साली विल्यम हर्शेल वेगवेगळ्या रंगांच्या काचा तपासत असताना त्यांच्या लक्षात आलं, की काही काचांतून उजेड थोडाच येतो, पण ऊब भरपूर. त्या कोड्याच्या मागे लागून त्यांना डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण सापडले. गडद दिसणारी काच सुरक्षित असतेच असं नाही, हे तेव्हापासून माहीत आहे. तरीही विसाव्या शतकात स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, फिरवून बसवायची काळी-हिरवी काच सर्रास मिळायची. भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता नेमकी तिथेच येते. माझ्या जुन्या दुर्बिणीची तशी काच एका जानेवारीत 'टक्' आवाज करून आरपार तडकली. त्या क्षणी मी वहीत वेळ लिहीत होतो, म्हणून डोळा वाचला. ती काच मी अजून ठेवली आहे, शाळेतली मुलं आली की आधी तीच दाखवतो.

सुटका झाली ती ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या पातळ पॉलिएस्टर फिल्मने. १९६० साली अवकाशात सोडलेला इको-१ हा तीस मीटर व्यासाचा फुगा अशाच फिल्मचा होता. पुढे हौशी निरीक्षकांनी या घराण्यातली फिल्म दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर लावली, आणि उजेड-उष्णता आत शिरण्याआधीच अडली. आज डोळ्याने पाहण्यासाठी मिळणारी खास सौर फिल्म लाखातला एक हिस्सा प्रकाश आत सोडते. छायाचित्रणासाठीची ३.८ घनतेची (घनता म्हणजे प्रकाश अडवण्याचं माप) फिल्म त्याहून कितीतरी पटींनी उजळ असते, ती डोळ्याने पाहण्यासाठी नाही. खाऊच्या पाकिटाचा चंदेरी कागद तर मुळीच नाही.

त्यामुळे घरी करायची उरते ती फक्त फिल्म धरणारी चौकट. मी हापूसच्या खोक्याचा पुठ्ठा घेतो, नळीभोवती घट्ट बसेल असं कडं करतो आणि दोन कड्यांमध्ये फिल्म सैलसर धरतो. ताणून बसवली तर प्रतिमा बिघडते, थोड्या सुरकुत्या चालतात. मग बल्बसमोर धरून टाचणीएवढं छिद्र तर नाही ना, ते बघायचं. नेम धरायला मोठ्या दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीलाही झाकण हवं. किल्ल्यावरच्या वाऱ्यात नुसतं अडकवलेलं कडं उडू शकतं, म्हणून तीन बाजूंनी चिकटपट्टी मारायची. आमच्याकडची खारी हवा ॲल्युमिनियमला सोडत नाही, तेव्हा काम झालं की स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत. आणि झाकण काढायचं ते दुर्बीण सूर्यावरून पूर्ण वळवल्यानंतरच.