रात्री हाताला मुंग्या का येतात?

मध्यरात्री हात बधिर होऊन जाग येते. दोन-चार वेळा झटकला की बरं वाटतं आणि पुन्हा डोळा लागतो. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागातच येत असतील आणि करंगळी त्यातून सुटली असेल, तर कार्पल टनेल सिंड्रोमची शंका घ्यायला हवी. दोष सहसा मोबाइलला किंवा कीबोर्डला दिला जातो, आणि खरं कारण तपासायचं राहून जातं.

मनगटात खाली हाडं आणि वर जाड अस्थिबंध असा एक अरुंद बोगदा असतो, तोच कार्पल टनेल. बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह ही नस त्यातूनच तळहातात उतरतात. जागा वाढत नाही, त्यामुळे आत थोडी जरी सूज आली तरी नस दाबली जाते. १९८१ साली गेल्बरमन या संशोधक डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दाब प्रत्यक्ष मोजला. निरोगी मनगटात तो पाऱ्याच्या सरासरी अडीच मिलिमीटर होता, तर रुग्णांमध्ये ३२. मनगट पूर्ण वाकवलं की रुग्णांमधला दाब ९० च्या पुढे गेला. झोपेत मनगट नकळत मुडपतं, म्हणून त्रास रात्री जास्त.

आता धोका कोणाला? पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा त्रास बराच जास्त होतो, विशेषतः चाळिशी-पन्नाशीत. गरोदरपणात अंगात पाणी साठतं, तेव्हाही होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा आपोआप ओसरतो. मधुमेहात नस आधीच नाजूक झालेली असते, तिला थोडा दाबही सोसत नाही. थायरॉइड मंदावलेला असणं, संधिवात, लठ्ठपणा, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, वर्षानुवर्षांचं डायलिसिस हीही कारणं आहेत. आईला किंवा बहिणीला हा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना जरूर सांगावं. मुंग्यांवर नुसत्या बी-१२ च्या गोळ्या घेत बसण्यापेक्षा साखर आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घेणं कितीतरी शहाणपणाचं.

कामाचा वाटा आहेच, पण तो जोर लावून केलेल्या कामाचा. रस्ता फोडणारं ब्रेकर मशीन दिवसभर धरणारे, कारखान्यात तीच घट्ट पकड हजारदा घेणारे कामगार खऱ्या धोक्यात असतात, आणि त्यांची दखल सर्वांत कमी घेतली जाते. टायपिंगविरुद्धचा पुरावा मात्र कच्चा आहे. डेन्मार्कमध्ये हजारो तंत्रज्ञांवर झालेल्या २००३ सालच्या अभ्यासात कीबोर्डचा मोठा धोका दिसला नाही. माउस आठवड्याला वीस तासांहून जास्त वापरणाऱ्यांत तक्रारी थोड्या वाढलेल्या आढळल्या, इतकंच.

उतारवयातल्या पुरुषाला दोन्ही मनगटांत हा त्रास असेल तर आणखी एक शक्यता असते. अमायलॉइड नावाचं प्रथिन आधी मनगटात साठतं आणि काही वर्षांनी हृदयात. म्हणून काही ठिकाणी मनगटाच्या शस्त्रक्रियेत काढलेला ऊतीचा छोटा तुकडा तपासणीला पाठवतात, कारण हृदयाचा हा आजार लवकर कळला तर त्याची गती कमी करणारी औषधं आता उपलब्ध आहेत.