पट्टी कशाच्या आधाराने चालते? काँक्रीट समतल करण्याच्या साधनांची पार्श्वभूमी

ओल्या काँक्रीटवरून पट्टी ओढणारी दोन माणसे आणि तेच काम करणारे लेझरचे यंत्र शेजारीशेजारी पाहिले, तर फरक वेगाचा आणि रुंदीचा वाटतो. खरा फरक आधाराचा आहे. पट्टी दोन बाजूंच्या साच्यांवर टेकून चालत असेल, तर पृष्ठभाग साच्यांइतकाच अचूक येतो. ती प्रकाशाच्या प्रतलाकडे पाहून चालत असेल, तर खाली जमीन कशी आहे याच्याशी तिला देणेघेणे राहत नाही. जाडी सगळीकडे सारखी हवी आणि वरचा भाग पाणसळीत हवा, या दोन मागण्या तिथेच एकमेकींपासून सुटतात. गेल्या चाळीस वर्षांतले बरेचसे वाद या फाट्यावर येऊन थांबलेले दिसतात.

जुना काळ थोडक्यात आटपतो. रोमन बांधकामात चुन्याच्या काँक्रीटची जमीन थराथराने घालून लाकडी धुमसाने चोपत. मुख्य थर चोपून झाल्यावर पाऊण फुटापेक्षा कमी भरू नये, असे तेव्हाचे लिखित मार्गदर्शन आहे. पाणसळ पाहायला वीस फूट लांबीचे, ओळंबे लावलेले आणि पाण्याची खाच असलेले लाकडी साधन होते. म्हणजे जाडी आणि पातळी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाही माहीत होते. त्यानंतर कितीतरी शतके या कामात मोठा फरक पडला नाही.

विसाव्या शतकात रस्त्यांनी गती दिली. दोन्ही कडांना पोलादी साचे रोवायचे आणि सपाटीचे यंत्र त्यांच्यावरून रुळांसारखे चालवायचे, ही पद्धत १९२०च्या दशकापर्यंत रुळली होती. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आयोवा राज्यात साचा यंत्रालाच जोडून पुढे सरकवण्याचे प्रयोग झाले आणि १९४९मध्ये त्या पद्धतीने प्रत्यक्ष रस्ता झाला. पुढे ही यंत्रे कडेला ताणलेल्या तारेवर संवेदक टेकवून उंची राखू लागली. आधार साच्यावरून हलला तो असा, रस्त्यावर. इमारतींच्या जमिनींपर्यंत ही कल्पना पोहोचायला आणखी काही दशके लागली.

इमारतीत फार काळ लाकडी फळीचेच राज्य होते. नंतर तिची जागा ॲल्युमिनियमच्या किंवा मॅग्नेशियमच्या पोकळ पट्टीने घेतली. काम तेच: पट्टी करवतीसारखी डावी-उजवी हलवत मागे ओढायची आणि तिच्यापुढे मालाची बारीकशी वळकटी कायम ठेवायची. वळकटी मोठी झाली की पट्टी वर चढते, संपली की खड्डा राहतो. हे हात ज्यांचे बसलेले असतात त्यांच्या जमिनी आजही यंत्राला लाजवतात, पण अशी माणसे मोजकीच. पट्टीला टेकायला पाइप असत. ते काढल्यावर राहिलेली चर भरावी लागे आणि नेमकी तिथेच पुढे उंचवट्याची रेघ दिसे. पाइप टाळायचे तर उंची दाखवायला रोवलेल्या खुंट्यांच्या पातळीला ओल्या काँक्रीटचेच पट्टे आधी घालून घेत आणि पट्टी त्यांच्यावरून ओढत. हा आधार स्वतःच मऊ असतो, त्यामुळे अचूकतेच्या गप्पा तिथे जपूनच माराव्यात.

त्रिकोणी कैचीसारखी बनावट असलेला कंपन स्क्रीड (स्क्रीड म्हणजे काँक्रीट समतल करणारी पट्टी किंवा यंत्र) आला तेव्हा रुंदीची अडचण सुटली. ॲल्युमिनियमचे तुकडे बोल्टने जोडून तो हवा तेवढा लांब करता येतो, मधल्या स्क्रूने पोटातला झोल काढता येतो, आणि दांड्यावरच्या विकेंद्री वजनांमुळे पूर्ण लांबी थरथरते. त्याने घट्ट माल बसवता येऊ लागला. पण हे कंपन वरच्या थरापुरतेच चालते. जाड स्लॅबला आत घालायचा व्हायब्रेटर लागतोच, आणि पातळ मालावर हा स्क्रीड जास्त वेळ रेंगाळला तर खडी खाली जाऊन वर नुसता सिमेंट-वाळूचा गारा येतो. प्रवासाच्या उलट दिशेने फिरणारी नळी वापरणारे रोलर स्क्रीडही आहेत. उतारावर ते विशेष उपयोगी पडतात.

एवढी साधने आली, पण जमीन ‘चांगली’ झाली की नाही हे ठरवणारी मोजणी मात्र जुनीच होती. साधनांचा पुढचा इतिहास या मोजणीच्या भांडणातून घडला, म्हणून त्याला इथे जास्त जागा.

अमेरिकेतल्या करारांत वर्षानुवर्षे एक ओळ उतरवली जात होती: दहा फुटी सरळपट्टीखाली १/८ इंचापेक्षा जास्त फट नसावी, म्हणजे साधारण ३ मीटरमध्ये ३ मिमी. वाचायला कडक नियम. पण पट्टी किती ठिकाणी ठेवायची, कोणत्या दिशेने, दोन उंचवट्यांवर टेकवायची की पाणसळीत धरायची, किती ठिकाणी नापास झाली म्हणजे जमीन नापास, यातले काहीच ठरलेले नव्हते. मालक नाराज असला की खड्डा सापडे, खूश असला की पट्टी गाडीतून उतरतच नसे.

हे फार काळ खपले. मग गोदामे उंच झाली. अरुंद गल्लीत धावणाऱ्या फोर्कलिफ्टच्या दोन चाकोऱ्यांत दीड मीटर अंतर असेल आणि त्यांच्या पातळीत ३ मिमी फरक असेल, तर १० मीटर उंचीवर तिचा खांब २० मिमी कलतो. हा कल माल ठेवायच्या फळ्यांना घासायला पुरतो. म्हणून १९८०च्या दशकात मोजणीची नवी पद्धत आली. एक फूट अंतरावर दोन पाय असलेले उपकरण ठरलेल्या रेषांवरून पावलापावलाने चालवायचे, प्रत्येक पावलाचा चढउतार नोंदवायचा आणि आकडेवारीने दोन अंक काढायचे. एक अंक सपाटपणाचा. तो पावलापावलातल्या बदलांवरून, म्हणजे लहान लाटांवरून निघतो. दुसरा पाणसळीचा, तो दहा फुटांवरच्या बिंदूंतल्या उंचीच्या फरकावरून निघतो. अंक जितका मोठा तितकी जमीन चांगली. चाचणीची पद्धत १९८७मध्ये प्रमाणित झाली आणि काही वर्षांत ते अंक किती चूक चालेल हे ठरवणाऱ्या नियमात शिरले.

या बदलाने जुन्या नियमाची पोल उघडी पडली. दहा फुटांत १/८ इंच ही मर्यादा ढोबळमानाने सपाटपणाच्या ५० अंकाशी जुळते. पाव इंच फट २५ शी, अर्धा इंच १२ शी. साध्या पद्धतीने घातलेल्या, कुणीही तक्रार न केलेल्या जमिनी मात्र वीसच्या आसपास घुटमळतात. करारात एक लिहायचे, जागेवर दुसरे घालायचे आणि दोन्ही बाजूंनी ते स्वीकारायचे, असा कारभार वर्षानुवर्षे चालला होता. नव्या अंकांनी दर्जा घसरवला असे म्हणणारे हे विसरतात.

दुसरा फायदा कामाच्या वाटणीचा. पाणसळीचा अंक मुख्यतः साचे लावणाऱ्यांवर आणि पट्टी ओढणाऱ्यांवर ठरतो. सपाटपणाचा अंक त्यानंतरच्या फ्लोट आणि ट्रॉवेलच्या, म्हणजे पृष्ठभाग घोटण्याच्या, कामावर, आणि काँक्रीट आवळत असताना उंचवटे तासून काढण्यावर ठरतो. एकाच फटीत या दोन टोळ्यांच्या चुका मिसळत होत्या. आता कोणाचे कुठे चुकले ते वेगळे दिसू लागले.

तरीही नव्या नियमातला एक निर्णय आजपर्यंत खटकतो. मोजणी काँक्रीट घातल्यापासून ७२ तासांच्या आत करायची, आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबवर खालचे टेकू काढायच्या आधी. कारण समजण्यासारखे आहे. जमिनीवरचा स्लॅब वरून आधी वाळतो, वरचा भाग जास्त आकसतो, आणि सांध्यांपाशी कडा व कोपरे उचलले जातात. हे महिनोनमहिने चालते आणि त्याची कारणे मिश्रणात, सांध्यांच्या अंतरात, वाळण्याच्या वेगात असतात. पट्टी ओढणाऱ्याला त्यासाठी जबाबदार धरणे अन्यायाचे, म्हणून घड्याळ तीन दिवसांवर थांबवले. न्यायाच्या दृष्टीने ठीकच. पण फोर्कलिफ्ट तिसऱ्या दिवशी धावत नाही, ती सहा महिन्यांनी धावते, आणि मालकाच्या हातात असतो तो तिसऱ्या दिवसाचा कागद. त्यातच मोजणीच्या रेषा बांधकाम सांध्यांपासून आणि कडांपासून दोन फूट दूर ठेवायच्या असतात. चाक आपटते सांध्यावर, यंत्र पोहोचत नाही म्हणून हाताने उरकलेले काम असते कडेला, आणि नेमके तेवढेच मोजणीतून वगळलेले. नियम करणाऱ्यांत काम घालणाऱ्यांचा आवाज मोठा होता, असे यावरून कुणी म्हटले तर त्याला खोडून काढणे सोपे नाही.

लेझर स्क्रीड याच काळात, १९८६मध्ये बाजारात आला. हा योगायोग नाही. मोजणी कडक झाल्यावरच त्याच्या अचूकतेला गिऱ्हाईक मिळाले. तिपाईवरचा लेझर फिरत आडवे प्रतल आखतो, स्क्रीडच्या दोन्ही टोकांवरचे ग्राहक ते पकडतात आणि हायड्रॉलिक दट्टे प्रत्येक टोक सतत वर-खाली सावरतात. पुढचे पाते जास्तीचा माल ढकलते, मळसूत्र तो उंचीला कापते, मागची पट्टी थरथरत बसवते. पूर्वी अतिसपाट जमिनीसाठी तीन-चार मीटर रुंद पट्टे एकाआड एक घालावे लागत. आता हजारो चौरस मीटरचा पट्टा एका दिवसात निघू लागला आणि मधले साचे गेले. अर्थात वाऱ्याने तिपाई हलली किंवा ओल्या काँक्रीटवर उभ्या माणसाने किरण अडवला की प्रतलाचा गर्व उतरतो. उतार आणि वळणे असलेल्या पृष्ठभागांसाठी पुढे मोजणीच्या स्वयंचलित दुर्बिणीवर चालणारी यंत्रेही आली.

जमिनीवरच्या स्लॅबला लेझरचा आधार चांगलाच मानवला. खालचा भराव जिथे खोल तिथे काँक्रीट जास्त गेले, एवढेच. वरच्या मजल्यावर गोष्ट बदलते. खाली साचा म्हणून टाकलेल्या पोलादी पत्र्यावर टेकू न लावता ओतले की ओल्या मालाच्या वजनाने पत्रा आणि तुळया वाकतात. लेझर पृष्ठभाग समतल ठेवतो, म्हणून मधल्या खोलगटात माल वाढतो, त्या मालाने वाक वाढतो, आणि पुन्हा माल वाढतो. मध्यावर २० मिमी झोल गेला तर एकाच दिशेने वाकणाऱ्या गाळ्यात (आधारांमधल्या भागात) सरासरी १३ मिमी जास्त काँक्रीट बसते. १३० मिमीच्या स्लॅबवर हे दहा टक्के वजन झाले. याच्या उलटही होते. तुळईला आधीच वर बाक दिलेला असतो, तो अपेक्षेइतका उतरला नाही, तर समतल पट्टीखाली तुळईवरच काँक्रीट पातळ राहते. वरचे आवरण आणि आगीपासूनचे संरक्षण तिथेच कमी पडते.

म्हणून अशा स्लॅबवर काही अभियंते लेझर बाजूला ठेवून पत्र्यावरच टेकवलेल्या आधारांवर स्क्रीड चालवा असे सांगतात. जाडी सारखी येते, पृष्ठभाग झोलासोबत खाली जातो आणि फरशीवाले ओरडतात. दुसरा गट समतलच हवे म्हणतो आणि जास्तीचे वजन आराखड्यात आधीच धरतो. मोजणीच्या अंकांनी हा प्रश्न सुटत नाही, कारण ते फक्त वरचा भाग पाहतात. ओला पृष्ठभाग स्कॅन करणाऱ्या उपकरणांनाही खालची बाजू दिसत नाही. जाडी पाहायला खुणा केलेली सळई ओल्या काँक्रीटमध्ये खुपसतात, तीही प्रत्येक गाळ्यात तुळईवर आणि मध्यावर खुपसली तरच काही कळते.