व्हीपीएन लावलंय ना, मग फाइल का उघडत नाही?

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रालय नागपुरात उतरतं, तारांकित प्रश्नांची उत्तरं रात्री घरून पाठवायची वेळ येते आणि माझा फोन वाजू लागतो. "भाऊ, व्हीपीएन लावून बसलो, पण फाइल काही उघडून नाही राहिली!" चौकशी केली की प्ले स्टोअरवरचं फुकट व्हीपीएन निघतं. सर्व्हर सिंगापूरचा.

कार्यालयाचं व्हीपीएन वेगळं आणि हे बाजारातलं वेगळं. नाव एक, तंत्रही बरंचसं एकच: तुमच्या यंत्रापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बाहेरच्याला आतलं वाचता येऊ नये असा एक सांकेतिक बोगदा. ते तुम्हाला माहीत आहे. वेग, पैसे, ॲपचा रंग हे फरकही सोडून द्या. विचारायचं एवढंच, की बोगद्याचं दुसरं तोंड उघडतं कुठे?

कार्यालयाच्या व्हीपीएनचं, म्हणजे सरकारात बहुधा एनआयसीच्या (केंद्र सरकारची संगणक-सेवा संस्था), तोंड सरकारी जाळ्याच्या आत उघडतं. जिथे ई-ऑफिस, म्हणजे सरकारी फाइलींची संगणकी व्यवस्था, त्या जाळ्यातच ठेवलंय, तिथे बाहेरून ते सापडतच नाही. म्हणून तर अर्ज, वरिष्ठांची मंजुरी आणि दर वेळी ओळख पटवणं. बाजारातल्या व्हीपीएनचं तोंड त्या कंपनीच्या सर्व्हरवर उघडतं आणि तिथून पुढे तुम्ही पुन्हा खुल्या इंटरनेटवरच. मे महिन्याच्या उन्हात तोंडाला दुपट्टा गुंडाळून सिव्हिल लाइन्सभर फिरलात, तर कुणी ओळखणार नाही. म्हणून कार्यालयाचं कुलूप उघडतं का? शिवाय दुपट्टा बांधून देणाऱ्याने चेहरा पाहिलेलाच असतो. तुम्ही कुठल्या साइटवर जाता, हे व्हीपीएन चालवणाऱ्याला दिसतं. जून २०२२ मध्ये एनआयसीने सरकारी कर्मचाऱ्यांना अशी बाहेरची व्हीपीएन वापरू नका असं बजावलं, ते उगाच नाही. त्याच सूचनांत एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही दुसऱ्याचा संगणक दुरून चालवायची ॲपही होती. (एनीडेस्कला व्हीपीएन म्हणणाऱ्यांशी मी बोलणंच सोडलंय. तिथे बोगदा वगैरे राहू द्या, समोरच्याच्या हातात तुमचा माउसच जातो.)

खरं व्हीपीएन मिळालेलेही एका जागी फसतात. व्हीपीएन रस्ता राखतं, लॅपटॉप नाही. पोराने चोरीचा गेम टाकलेल्या घरच्या लॅपटॉपवरून जोडलात, तर त्यातला व्हायरसही तुमच्याच ओळखीने आत शिरू शकतो. मे २०२० मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने घरून कामाचा मसुदा काढला. तोवर उपसचिव आणि वरच्यांकडेच असलेलं व्हीपीएन टप्प्याटप्प्याने खालच्या अधिकाऱ्यांनाही द्यावं, असं त्यात होतं. लॅपटॉप पुरवण्याचंही होतं. मला विचाराल तर आधी लॅपटॉप, मग व्हीपीएन. उलटा क्रम मला पटत नाही.

गेल्या अधिवेशनात एकाने तर दोन्ही व्हीपीएन एकदमच लावली होती. सिंगापूरवालं बंद करायला लावलं, फाइल उघडली. तो म्हणाला, "म्हणजे हे बिघडलं होतं तर." आणि दुसरं फुकटचं शोधू लागला.