कठडा कमरेच्या वरच का हवा?

थीम पार्कमधल्या किल्ल्याच्या ड्रॉब्रिजला, म्हणजे खंदकावरच्या उचलत्या पुलाला, संरक्षक कठडे बसवले की हौशी मंडळी हळहळतात. किल्ल्याची शान गेली म्हणतात. ‘एवढी वर्षं कोण पडलं होतं?’ हा प्रश्न तर ठरलेलाच.

शान थोडी जाते, हे मलाही मान्य आहे. मध्ययुगात असा पूल उचलला की तोच दरवाजावरची झडप व्हायचा. तिथे कठडा आडवा आला असता. पण कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचा स्लीपिंग ब्युटी कॅसल पाहा. त्याचा पूल १९५५ च्या उद्घाटनानंतर पुन्हा समारंभपूर्वक खाली आला तो १९८३ मध्ये. एरवी तो निव्वळ रस्ता, तोही तुडुंब गर्दीचा.

अमेरिकेतल्या बांधकाम नियमांनुसार, जिथून ३० इंचांहून खाली पडण्याचा धोका आहे अशा सार्वजनिक ठिकाणी ४२ इंची, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटरचा कठडा लागतो. नेमका एवढाच का, हे शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, पाहिला की कळतं. सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या साधारण ५५-५६ टक्क्यांवर, बेंबीच्या जरा खाली असतो. १७० सेंटिमीटरच्या माणसात तो ९४-९५ सेंटिमीटरवर येतो.

समजा, मागून धक्का बसून हा माणूस मांडीइतक्या, ६० सेंटिमीटरच्या कठड्यावर आदळला. आता कठडा झाला टेकू आणि माणूस झाला तरफ. मांड्या अडल्या, पण टेकूच्या वरचा जड भाग पुढे जातच राहिला. गुरुत्वमध्य टेकूच्या पलीकडे गेला, की उरलेलं काम वजनच करतं. बुटका कठडा नुसता कमी पडत नाही, तो चक्क पायात पाय घालतो! तोच कठडा गुरुत्वमध्याच्या वर असला तर चित्र उलटतं. कठड्याचा मागे ढकलणारा रेटा आता गुरुत्वमध्याच्या वर लागतो, म्हणून शरीर फिरलंच तर धड मागे आणि पाय पुढे असं फिरतं. माणूस फार तर पुलावरच बसकण मारतो.

आता याच माणसाचं वजन ६५ किलो धरा आणि त्याच्या खांद्यावर १५ किलोचं मूल बसवा. मुलाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १६५ सेंटिमीटरवर. दोघांचा मिळून किती? ६५ गुणिले ९५, अधिक १५ गुणिले १६५, भागिले ८०: १०८ सेंटिमीटर. कठडा १०७! किल्ला नीट दिसावा म्हणून मुलाला खांद्यावर घेतलं, की नियमाप्रमाणे बांधलेला कठडाही गुरुत्वमध्याच्या वर राहत नाही. हे गणित मी दोनदा करून पाहिलं.

उंचीइतकाच मजबुतीचा प्रश्न. कठड्याच्या माथ्यावर २०० पौंडांचं, म्हणजे सुमारे ८९० न्यूटनचं बल लावलं तरी तो टिकला पाहिजे, असा नियम आहे. माथा १.०७ मीटर उंच, म्हणून खांबाच्या बुडाशी आघूर्ण, म्हणजे खांबाला उलथवू पाहणारा जोर, सुमारे ९५० न्यूटन-मीटर. खांब ज्या पट्टीवर बोल्टांनी जखडलेला असतो, तिच्यावर बोल्टांपासून समोरच्या कडेपर्यंतचं अंतर जेमतेम १० सेंटिमीटर असेल, तर बोल्टांवर ९५०० न्यूटनचा ताण येतो, जवळजवळ एक टन वजनाइतका. म्हणून कठडे सहसा वरच्या दांडीत मोडत नाहीत, बुडाशी उखडतात. लाकडी पुलावर तर अधिकच जपावं लागतं.

‘पाणी माणसाला ओढून घेतं’ असं म्हणणारेही भेटतात. पाणी कुणाला ओढत नाही. उभं असताना आपण सतत किंचित डुलत असतो आणि जवळच्या स्थिर वस्तू पाहून नकळत सावरतो. कडेशी समोर जवळ काहीच नसेल, तर डुलणं वाढतं. कठडा हात लावण्याआधी डोळ्यांनाच आधार देतो.

राहिली शान. तिथे मात्र हौशी मंडळींची तक्रार खरी आहे. डिस्नेलँडचा तो किल्ला जेमतेम ७७ फुटांचा. भिंतीचे दगड वर जाताना लहान केलेत, त्यामुळे तो उंच भासतो. दगड लहान करता येतात, कठडा नाही. ४२ इंचांचा कठडा पुढ्यात उभा राहिला, की डोळ्याला मोजपट्टी मिळते आणि किल्ला खुजा वाटू लागतो. बारीक, गडद रंगाच्या उभ्या सळ्या लावल्या तर ही मोजपट्टी जरा पुसट होते. सळ्या आडव्या चालणार नाहीत, मुलं त्यांची शिडी करतात.