मध्यमेंदू ‘जागा’ करावा लागत नाही

गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रातून एक पत्रक घरी आले. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ शिबिरात मुलांचा मध्यमेंदू ‘जागृत’ करून दिला जाईल आणि मग ती डोळ्यांवर पट्टी बांधूनही पुस्तक वाचतील, असे आश्वासन त्यात होते. पट्टी बांधलेल्या मुलाने वाचून दाखवणे यात गूढ काहीच नाही. नाकाच्या उंचवट्यामुळे पट्टी कितीही घट्ट बांधली तरी दोन्ही बाजूंना बारीक फट राहते आणि पुस्तक छातीशी धरून मूल त्या फटीतून खाली पाहते. मिटलेल्या डोळ्यांवर कणकेचे गोळे दाबून वरून पट्टी बांधली, किंवा तेच पुस्तक कपाळासमोर धरले, की वाचन थांबते. मुलांना लबाडी शिकवून पालकांकडून पैसे घेणारा हा प्रकार संतापजनक आहे. त्याहून जास्त वाईट याचे वाटते की, मध्यमेंदू खरोखर जे काम करतो ते या गदारोळात कोणाच्या कानावर पडतच नाही.

मध्यमेंदू हा मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभाचा सर्वांत वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा भाग आहे आणि तो जन्मापासून अखंड कामात असतो. अंधूक उजेडात आरशासमोर उभे राहून डोळ्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकला, तर बाहुली क्षणार्धात आकसलेली दिसते; या प्रतिक्षिप्त क्रियेची जोडणी मध्यमेंदूतून झालेली असते. बेशुद्ध रुग्णाच्या पापण्या उघडून डॉक्टर प्रकाश टाकतात, ते ही जोडणी शाबूत आहे का हे पाहण्यासाठीच. मध्यमेंदूचा आडवा छेद घेतला की नुसत्या डोळ्यांनाही एक काळसर पट्टा दिसतो. लॅटिनमध्ये त्याला ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’, म्हणजे काळा पदार्थ, असे नाव आहे. या पट्ट्यातल्या आणि त्याला लागून असलेल्या भागातल्या अनेक चेतापेशी डोपामाइन हे संदेश पोचवणारे रसायन तयार करतात. मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांत मध्यमेंदूतल्या या डोपामाइन पेशी अवघ्या काही लाख आहेत, पण त्यांचे धागे मेंदूच्या फार मोठ्या प्रदेशात पसरलेले असतात.

डोपामाइनला सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हटले जाते, आणि हा समज मला अंधश्रद्धेइतकाच चिवट वाटतो. त्याची पाळेमुळे १९५४ सालापर्यंत जातात. त्या वर्षी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली, तेव्हा विजेचा सौम्य झटका मिळवण्यासाठी उंदीर स्वतःच पुन्हा पुन्हा खटका दाबू लागले. या वागण्यात डोपामाइनचा मोठा वाटा असतो हे पुढे स्पष्ट झाले आणि त्याला आनंदाची पदवी मिळाली. पण ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन जवळजवळ नष्ट केले आहे, तेही जिभेवर साखरेचे पाणी पडताच पूर्वीसारखेच मिटक्या मारतात. ते मिळवण्यासाठी धडपड मात्र करत नाहीत.

मग या पेशी नेमके काय सांगतात? स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर विद्यापीठात वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतील एकेका पेशीचे विद्युत्-संकेत नोंदवले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात स्पंदू लागत. पुढे रसाआधी दरवेळी एक ठरावीक खूण दाखवण्यात येऊ लागली. माकडाला सवय झाल्यावर पेशी खूण दिसताच स्पंदू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळताना त्यांच्यात काहीच फरक पडेना. खूण दाखवूनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो यायचा त्याच क्षणी पेशी गप्प होत. म्हणजे त्यांचा संकेत रसाचा नव्हता. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाचा होता. १९९७ साली शुल्त्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी दाखवले की, संगणकाला अनुभवातून शिकवण्यासाठी आधीच तयार झालेल्या एका गणिती रीतीशी हे वर्तन जुळते.

ते गणित आकड्यांत मांडून पाहू. रसाचे मोल १० माना आणि दरवेळी फरकाचा पाचवा हिस्सा अपेक्षेत मिळवा. सुरुवातीची अपेक्षा शून्य, म्हणून फरक १० आणि नवी अपेक्षा २. पुढच्या वेळी फरक ८, अपेक्षा ३.६. त्यानंतर फरक ६.४, अपेक्षा ४.८८. असे होत होत अपेक्षा १० च्या जवळ पोचते, फरक शून्याकडे जातो आणि शिकणे थांबते. पण खूण केव्हा दिसेल हे माकडाला ठाऊक नसते, त्यामुळे तिच्या क्षणी अपेक्षा शून्यावरून एकदम १० वर उडी घेते आणि ही उडी हाच तिथला फरक ठरतो. संकेत रसाकडून खुणेकडे सरकतो तो यामुळेच. काही लाख पेशी ही वजाबाकी करून तिचे उत्तर सगळीकडे धाडतात, आणि ज्या जोडण्यांमुळे ते उत्तर मिळाले त्या बळकट किंवा दुबळ्या होतात. मला मेंदूविज्ञानात याहून सुंदर गोष्ट माहीत नाही.

कंपवातात नेमक्या याच काळ्या पट्ट्यातील पेशी मरू लागतात. निदान होईपर्यंत त्यांतला मोठा हिस्सा गेलेला असतो. हालचाली मंदावतात, हात थरथरतो, शर्टाचे बटण काजात जाता जात नाही. परंतु शिकण्याची पद्धतही बदलते: २००४ साली मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांना आढळले की, डोपामाइन वाढवणारे औषध न घेतलेले कंपवाताचे रुग्ण चुकांमधून अधिक चांगले शिकतात, तर औषध घेतलेले यशामधून. डोपामाइनची नक्कल करणाऱ्या काही औषधांमुळे कधी जुगार न खेळलेल्या रुग्णांपैकी काहींना जुगाराची अनिवार ओढ लागते. अशी औषधे सुरू असताना डॉक्टर घरच्या माणसांकडे रुग्णाच्या खर्चाची चौकशी करतात ती यासाठी, आणि औषधाची मात्रा कमी केली की बऱ्याच जणांची ती ओढ ओसरते.