प्रोफेसर थेट भरतीने आणि प्रोफेसर कॅसने

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या फाटकावर 'प्रोफेसरपदी निवड, हार्दिक अभिनंदन' असा फलक लागला की तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेल्या पोरांचा पहिला प्रश्न असतो: जागा निघाली होती का? पुष्कळदा निघालेलीच नसते. प्रोफेसर होण्याच्या वाटा दोन, थेट भरती आणि कॅस नावाची बढती, आणि फलकावर त्या सारख्याच दिसतात.

थेट भरतीत मंजूर पद रिकामं असावं लागतं. जाहिरात निघते, आरक्षणाची बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारी यादी) लागते, देशातला कुणीही पात्र माणूस अर्ज करू शकतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी., 10 वर्षांचा अनुभव, किमान 10 शोधनिबंध आणि 120 संशोधन गुण (निबंध, पीएच.डी. मार्गदर्शन अशा कामांना मिळणारे) लागतात.

कॅसमध्ये, म्हणजे करिअर ॲडव्हान्समेंट स्कीममध्ये, जाहिरातच नसते. आधीपासून सेवेत असलेल्या सहयोगी प्राध्यापकाला (सहायक प्राध्यापकाच्या वरची, प्रोफेसरच्या खालची पायरी) त्याच पदावर वरची श्रेणी मिळते. त्यासाठी सहयोगी म्हणून तीन वर्षं, पीएच.डी., 10 शोधनिबंध (त्यातले तीन याच काळातले) आणि 110 संशोधन गुण हवेत. बाहेरचे विषयतज्ज्ञ असलेल्या समितीपुढे बसावंही लागतं. 'कॅस म्हणजे केस पिकले की मिळणारी बढती' हे बोलणं मला अन्यायाचं वाटतं. समजा, अमळनेर-शिरपूरकडच्या मराठीच्या बाईंनी अहिराणी ओव्यांवर आयुष्यभर काम केलं. भाषा विषयात मान्य नियतकालिकातल्या एका निबंधाचे 10 गुण, विज्ञानात 8. निबंध विद्यार्थ्यासोबत दोघांच्या नावावर असेल तर प्रत्येकाला 70 टक्केच मिळतात. मार्गदर्शनाखाली एक पीएच.डी. जाहीर झाली की आणखी 10. गावोगाव फिरून गोळा केलेल्या ओव्यांतून 110 गुण उभे करणं हे खरंखुरं काम आहे. दिवसभर तासिका घेऊन ते करणाऱ्यांचं अभिनंदन मनापासूनच करावं.

पगाराची पातळी दोघांची एकच, 14. मूळ वेतन 1,44,200 रुपयांपासून.

खरा फरक पदात आहे, आणि आपल्याकडे त्यावर फारच कमी बोललं जातं. कॅसची बढती त्या व्यक्तीपुरती असते. ती व्यक्ती निवृत्त झाली की पद पुन्हा मूळ संवर्गात, म्हणजे ते ज्या पायरीसाठी मंजूर होतं तिथे, जातं, सहायक प्राध्यापकाचं असेल तर सहायकाचंच. म्हणून एका विभागात तीन कॅस-प्रोफेसर झाले तरी प्रोफेसरची मंजूर पदं तीन झाली असं होत नाही, आणि तासिकेवरच्या कुणासाठी त्यातून एकही जागा मोकळी होत नाही. थेट भरतीने आपल्याच विद्यापीठातला सहयोगी निवडला गेला, तर त्याचं आधीचं पद मात्र रिकामं होतं. बातमी वाचताना हे एवढं बघावं: जाहिरात क्रमांक आहे, की नुसता 'स्थाननिश्चिती' हा कॅसच्या बढतीसाठी वापरला जाणारा शब्द.

पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणाऱ्यांना मात्र वाट कोणती याने फरक पडत नाही. दोन्हीकडच्या प्रोफेसरला एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात. 2022च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. नोकरीच्या उत्तरार्धात प्रोफेसर झालेल्यांच्या बाबतीत ही अडचण लवकर येते. तेव्हा केळी, सातपुड्यातल्या वनस्पती किंवा पावरी बोली, विषय कुठलाही असो, सरांच्या निबंधांच्या यादीबरोबर त्यांच्या निवृत्तीची तारीखही विचारून घ्या.